शब्दांची विचारपूस : गव्हाणीत उरलेला इंग्रजी शब्द

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बारावीनंतर घरच्या कोठ्यात चार संकरित गाई बांधल्या. दुधाच्या धंद्याचं एक प्रशिक्षण घेतलं, तेव्हा चाऱ्याची नोंद ठेवायचा इंग्रजी तक्ता मिळाला. त्यात ‘दिलेला चारा’ या रकान्याला लागून ‘ऑर्ट्स, किलो’ असा रकाना आहे. आमचा कृषी केंद्रवाला म्हणतो, छपाईची चूक आहे, ‘ओट्स’ पाहिजे. मित्र म्हणतो, ‘अदर्स’ असेल. मोबाइलवरच्या कोशात पाहिलं तर ‘जेवणानंतर उरलेलं उष्टं, जुना शब्द’ असं निघालं. गाईच्या तक्त्यात माणसाच्या ताटातलं उष्टं कुठून आलं? अन् रकान्यात भरू काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, छपाईची चूक नाही. शब्द बरोबर आहे, रकानाही बरोबर आहे. तुमच्या कोशानं मात्र अर्धीच गोष्ट सांगितली, आणि तीही मागची आधी.

पहिले रकाना भरून टाकू. संध्याकाळी गाईपुढे किती कुट्टी टाकली ते तुम्ही मोजताच. सकाळी ताजा चारा टाकायच्या आधी गव्हाणीत जे पडून असेल ते गोळा करा आणि काट्यावर ठेवा. तेच ऑर्ट्स. समजा वीस किलो टाकला आणि तीन किलो उरला, तर गाईच्या पोटात सतरा किलो गेला. टाकला किती यापेक्षा खाल्ला किती यावर दूध ठरतं, म्हणून तो रकाना. शेणामुतात कालवलेलं वेगळं काढा. हिरवा आणि वाळला चारा एकाच आकड्यात मिसळू नका, कारण खरा हिशेब पाणी वगळून उरणाऱ्या शुष्क पदार्थाचा असतो. चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण दहा ते बारा किलो शुष्क पदार्थ लागतो, आणि हिरव्या मक्याच्या भाऱ्यात निम्म्याहून कितीतरी जास्त नुसतं पाणी असतं.

आणखी एक. या रकान्यात शून्य यावं अशी हौस बाळगू नका. सकाळी गव्हाण चाटूनपुसून लख्ख दिसली की आपल्याला बरं वाटतं, काही वाया गेलं नाही म्हणून. पण त्याचा अर्थ बहुधा गाईला कमी पडलं असा असतो. खाद्याचे प्रयोग करणारे लोक शंभराला पाच ते दहा उरेल एवढं मुद्दाम जास्त टाकतात, म्हणजे गाय पोट भरल्यावर थांबली हे कळतं. उलट पाव हिस्सा उरायला लागला तर बघा, चाऱ्याला बुरशी आहे का, धांडा जाड राहिला का, की गाईलाच बरं नाही.

आता गोष्ट. आमच्या कोठ्यात अजून धांड्यांचा चारा असतो, थोडाच, कारण ज्वारी आता पेरतो कोण? सगळीकडे सोयाबीन आणि कापसाची पऱ्हाटी. त्यामुळे ज्वारीच्या धांड्याची पेंढी पूर्वी बांधावर सडायची, ती आता विकत आणावी लागते. आमचा गडी सकाळी गव्हाण झाडतो, तेव्हा खाली काय उरलेलं असतं ते एकदा वाकून पाहा. पानं सगळी ओरबाडलेली. शेंड्याकडचा कोवळा भाग गेलेला. उरलेत ते बुडाकडचे पेरांचे तुकडे, बोटाएवढे जाड, गाईच्या लाळेनं ओले आणि एका बाजूनं दातांनी चेमटलेले. म्हणजे तिनं तोंडात घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. गडी करवादतो, “पानं पानं खाते अन् धांडा टाकून देते. लय नखऱ्याची आहे ही.” सोयाबीनच्या कुटाराचंही तेच. त्यातल्या शेंगांची टरफलं जातात आणि काटक्या राहतात. तुरीचं नाही तर हरभऱ्याचं कुटार मिसळलं तर जनावर नाकानं उकरून तेवढंच आधी खातं. या उरल्यासुरल्याला मराठीत चघाळ म्हणतात. ते उकंड्यावर जातं, नाही तर वासराखाली अंथरतात.

इंग्रजीतला ‘ऑर्ट’ जन्मला तो नेमका इथे. ताटात नव्हे, गव्हाणीत. सुमारे १४४० साली इंग्लंडच्या नॉरफोक भागात एक इंग्रजी-लॅटिन कोश तयार झाला. लॅटिन शिकणाऱ्या पोरांसाठी केलेला, म्हणून त्याचं नावच ‘पोरांचं भांडार’ अशा अर्थाचं. त्यात हा शब्द आहे आणि अर्थ दिलाय तो जनावरांच्या खाण्यातला उरलेला भाग असा. माणसांच्या जेवणाचा तिथे उल्लेख नाही. शब्द इंग्रजीत बहुधा उत्तर जर्मनीकडच्या जुन्या बोलीतून आला. तिथे तो ‘ओर्टे’ होता. शेजारच्या जुन्या डचमध्ये त्याचं सबंध रूप सापडतं, ‘ओरएटे’. त्यात दोन तुकडे आहेत. पुढचा ‘ओर’ म्हणजे बाहेर, आणि मागचा म्हणजे खाणं. खाण्यातून बाहेर पडलेलं, ते ऑर्ट.

हा ‘ओर’ इंग्रजीत फार ठिकाणी उरला नाही. एक उदाहरण मात्र तुमच्या ओळखीचं असेल : ‘ऑर्डील’. आज त्याचा अर्थ यातना, सत्त्वपरीक्षा. मुळात तो ‘वाटून दिलेला निवाडा’. जुन्या काळी आरोपीला तापलेलं लोखंड हातात धरायला लावून निवाडा करत, आपल्याकडे ज्याला दिव्य म्हणत तेच, त्यावरून यातना हा अर्थ चिकटला.

गंमत पुढे आहे. हा जर्मन कुळातला ‘ओर’ आणि संस्कृतातला ‘उत्’ एकाच मुळाचे. इंग्रजीतला ‘आउट’ही त्याच घरचा. आणि ऑर्टचा मागचा तुकडा म्हणजे इंग्रजीचा ‘ईट’. तो संस्कृतातल्या ‘अद्’ धातूचा भाऊ. याच ‘अद्’पासून आपलं ‘अन्न’ झालं. आता आपला ‘उष्टं’ घ्या. तो आला ‘उच्छिष्ट’पासून, आणि उच्छिष्टाची फोड उत् अधिक शिष्ट. शिष् म्हणजे उरणे, मागे राहणे. शेष, अवशेष त्यातलेच. म्हणजे दारव्ह्याच्या गव्हाणीतलं ऑर्ट आणि आपलं उष्टं यांचा पुढचा तुकडा चुलतभावासारखा एक आहे, मागचा वेगळा. तिकडे ‘खाण्या’वर जोर, इकडे ‘उरण्या’वर. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. व्याकरणाला करत नसत.

मग हा शब्द गव्हाणीतून उठून ताटात कसा गेला? आपल्याकडे ‘चरणे’ जसं गेलं तसाच. एखादा सारखा खात बसला की आपण म्हणतोच ना, चरतोय म्हणून. सोळाव्या शतकात इंग्रज माणसं स्वतःच्या जेवणातल्या तुकड्यांनाही ऑर्ट्स म्हणू लागली. शेक्सपिअरनं तो अनेकदा वापरलाय आणि बहुतेक वेळा तिरस्कारानं. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या नाटकात प्रेयसीनं दगा दिलेला ट्रॉयलस तिच्या प्रेमाचे ‘ऑर्ट्स’ दुसऱ्याच्या वाट्याला गेल्याचं बोलतो, आणि त्याला जोडून तुकडे, उरलंसुरलं, तेलकट अवशेष अशी माळच लावतो. जेवणावळ आटोपल्यावरच्या पत्रावळींचा वास येतो त्या ओळींना. जनावरानं सोडलेलं, ही शब्दाची जुनी ओळख ऐकणाऱ्यांच्या कानात तेव्हा ताजी असणार. म्हणून तर शिवी लागते.

क्रियापदही होतं बरं का. स्कॉटलंडच्या बोलीत गाईनं चारा हुंगून बाजूला सारला की ती ‘ऑर्ट’ करते म्हणायचे. एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश कोशात याच्या सोबत एका म्हातारीचं बोलणं नोंदवलंय : हल्लीच्या पोरी देवाच्या कोणत्याच लेकराला ऑर्ट करत नाहीत. म्हणजे नवरा म्हणून कोणीही चालतो, निवड म्हणून करत नाहीत. त्या आजीला आज यवतमाळात आणायला पाहिजे. इथे शेती करणारा पोरगा म्हटलं की स्थळ गव्हाणीत तसंच पडून. पोरींना मी नाव ठेवत नाही. कापसाचा भाव बघून कोणीही धांडा टाकूनच देईल. आणि भाऊ, तुम्ही जो दुधाचा धंदा नीट लिहून-मोजून करताय तो बघून एखादी पानं खाईलही.

पुढे पुस्तकी इंग्रजीतून हा शब्द मागे पडला. कोशांनी त्यावर ‘जुना, बोलीतला’ असे शिक्के मारले. शहरातल्या लोकांना तो भेटतो तो इंग्रजी शब्दकोड्यात, कारण तिकडे तीन अक्षरांत मावणारा असा शब्द कोडं रचणाऱ्याला फार सोयीचा. पण तो मेला नव्हता. पशुखाद्याचा अभ्यास करणाऱ्यांना गव्हाणीत उरलेल्या चाऱ्यासाठी एक नेमका शब्द हवा होता, आणि तो साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या कोशात त्याच अर्थानं तयार होता. शेक्सपिअरच्या नायकाच्या तोंडून हिंडून तो परत कोठ्यात आला. तेव्हा तुमचा तक्ता जुनाट नाही. मोबाइलवाल्या कोशानं ज्याला जुना म्हटलं तो अर्थ नंतरचा आहे, आणि तुमचा अर्थ पहिला आणि आजचाही. कृषी केंद्रवाल्याला हे सांगा, पण ओट्सची बॅग घेऊ नका.

उच्चार ‘ऑर्ट’, अनेकवचन ‘ऑर्ट्स’. मराठी तक्ता करणार असाल तर सरळ ‘उरलेला चारा’ लिहा. ‘उष्टा चारा’ लिहू नका. का, ते खालच्या पत्रात येतंय.

प्रश्न : आमच्या घरी एका इंग्रजी शब्दानं घोळ घातलाय. सून पुण्याकडची. फ्रिजमधल्या रात्रीच्या भाजीला ती ‘लेफ्टओव्हर’ म्हणते. आमच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. त्यांनी पणतूला विचारलं, हे काय असते रे? त्यानं इंग्रजी-मराठी कोशात पाहून सांगितलं, ‘उष्टं’. तेव्हापासून सासूबाई फ्रिजमधलं काहीच तोंडी लावत नाहीत. “माह्या घरात मले उष्टं वाढते” म्हणून सगळ्या आळीला सांगून झालं. सून बिचारी रडकुंडीला आलीय. लेफ्टओव्हर म्हणजे उष्टं की नाही, हे तुम्ही छापून सांगा, म्हणजे मी वाचून दाखवते.
— एक वाचक, ता. अकोट

उत्तर : ताई, आजींना मोठ्यानं वाचून दाखवा : लेफ्टओव्हर म्हणजे उष्टं नव्हे. सून उष्टं वाढत नाही.

इंग्रजांच्या या शब्दात तोंडाचा प्रश्नच येत नाही. भांड्यात उरलं तरी लेफ्टओव्हर, ताटात अर्धं राहिलं तरी लेफ्टओव्हर. आपल्याला ते चालत नाही. पातेल्यात राहिलं, हात लागला नाही, ते उरलेलं. त्यावर रात्र गेली की शिळं, आजी म्हणत असतील तसं ‘शियं’. कोणाच्या तोंडचं, ताटातलं, ते उष्टं. आणि जेवणं झाल्यावर जमिनीवर सांडलेली शितं, ताटाच्या काठाला चिकटलेलं वरण, ते खरकटं. ते पुसून काढल्याशिवाय आमच्या सासूबाई कोणाला स्वयंपाकघर ओलांडू देत नसत. एका इंग्रजी शब्दात या सगळ्यांचं गाठोडं आहे, आणि पणतूच्या कोशानं त्यातलं नेमकं वाईटच बाहेर काढलं. शिळ्यावर आजींचा राग नसणार. रात्रीच्या पोळीचा कुस्करा, त्यात भरपूर कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि वरून सांभार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांनी जन्मभर केलंही असेल आणि खाल्लंही. शिळ्या सप्तमीला तर चूल न पेटवता शिळं खाण्याचाच मान.

शब्दाचं वय म्हणाल तर आजींच्या आजीएवढंच. जेवणातून उरलेलं या अर्थानं ‘लेफ्टओव्हर्स’ १८७० च्या दशकापासून छापील इंग्रजीत दिसतो. त्याआधी काय म्हणत? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मेटेलाफ’ असा शब्द होता; मेटे म्हणजे अन्न, लाफ म्हणजे मागे राहिलेलं. तो विसरला गेला. मधल्या काळात फ्रेंचांकडून ‘रिलीफ’ आला. हो, दुष्काळात सरकार देतं ते रिलीफ! त्याचा फ्रेंच अर्थ टेबलावरून उचललेलं, म्हणून जेवणातलं उरलेलं. फ्रेंच माणूस अजूनही जेवणाच्या अवशेषांना ‘रलिएफ’ म्हणतो. वरच्या पत्रात मी १४४० च्या कोशाचं सांगितलं, त्यात ऑर्टचा अर्थ देताना हाच शब्द वापरलाय : जनावरांच्या खाण्याचं ‘रिलीफ’. उचलणे, भार हलका करणे, मदत, हे सगळे अर्थ त्या एकाच क्रियापदातून निघाले.

आपल्या उष्ट्याकडे वळू, कारण आजींचं दुखणं तिथे आहे. मूळ संस्कृत शब्दात तोंड नाहीच, हे वर सांगितलं. नुसतं ‘मागे उरलेलं’. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर एक सबंध सूक्त आहे, आणि त्यात यज्ञातून उरलेल्या भागावर सारं विश्व टेकलेलं आहे असं म्हटलंय. तोंडाचा विटाळ शब्दाला मागाहून चिकटला. तो चिकटल्यावरही मराठीनं या शब्दाला मंगल जागा सोडून ठेवल्यात. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते ती ‘उष्टी हळद’, आणि ती वाजतगाजत जाते. बाळाला पहिला घास भरवायचा तो ‘उष्टावण’. तुकोबा आपल्या बोलण्याला संतांचं उच्छिष्ट म्हणतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आणि आजी अकोटच्या, म्हणजे शेगाव काही लांब नाही. माघ वद्य सप्तमी, २३ फेब्रुवारी १८७८. देवीदास पातुरकरांच्या घरची पंगत उठलेली, पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि त्यांतली शितं वेचून खाताना बंकटलाल अग्रवालांना गजानन महाराज पहिल्यांदा दिसले. अख्खा विदर्भ जो प्रकटदिन करतो त्याचं पहिलं चित्रच उष्ट्या पत्रावळीचं आहे.

पण म्हणून उष्ट्याचं कौतुकच करायचं, असं मला वाटत नाही. जॉर्ज एलियट या लेखिकेच्या १८६१ सालच्या ‘सायलस मार्नर’ कादंबरीत खेड्यातल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांबद्दल एक तिरकस वाक्य आहे. मेजवान्या झाल्या की ‘ऑर्ट्स’ वाढतात, आणि ते म्हणजे गरिबांची वडिलोपार्जित इस्टेट, अशा अर्थाचं. वर्गात हे वाचलं की काही मुलं हसायची आणि काही अजिबात हसत नसत. न हसणाऱ्यांच्या घरात ही इस्टेट खरोखर वारशानं आलेली होती. पंगत उठल्यावर टोपलं घेऊन मांडवाबाहेर थांबायचं, हे त्यांच्या आजोबांनी पाहिलेलं होतं. ते मागणं नव्हतं, गावानं लावून दिलेलं काम होतं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी भाकरीच्या तुकड्यांसाठी माणुसकी विकू नका म्हणून सांगितलं, ते या वाढणाऱ्या हातांना आणि घेणाऱ्या हातांना दोघांनाही लागू होतं. महाराजांनी वेचलेलं उष्टं आणि गावानं कोणाच्या टोपल्यात टाकलेलं उष्टं, दोन्हींना शब्द एक आहे. पण एकात स्वतःहून उचललंय आणि दुसऱ्यात वरून टाकलंय. जनावराच्या चाऱ्याला ‘उष्टा’ म्हणू नका असं वरच्या भावाला मी सांगितलं ते याचसाठी. गाय काही कोणाचा मान काढत नाही. तिला धांडा जाड लागतो, एवढंच.

सुनेला सांगा, आजींसमोर ‘रात्रीची भाजी’ म्हणत जा. आणि आजींनाही हळूच विचारा, पणतूच्या हातचा अर्धा खाल्लेला लाडू त्यांनी कधी नाकारलाय का?

प्रश्न : बाई, तूर कापून नेल्यावर वावरात गळून राहिलेल्या शेंगा आम्ही बायका वेचतो, त्याला सरवा म्हणतो. मुलीच्या इंग्रजीच्या वहीत त्याला ‘लेफ्टओव्हर’ लिहिलेलं दिसलं. हे बरोबर का?
— एक वाचक, ता. आर्णी

उत्तर : नाही. वहीत खोडून ‘ग्लीनिंग’ लिहायला सांगा. वेचणं ते ‘ग्लीन’, वेचून आणलेलं ते ‘ग्लीनिंग्ज’. लेफ्टओव्हर जेवणातलं, सरवा वावरातला, अजून चुलीपर्यंतसुद्धा न पोचलेला.

शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्यामागे उशिराच्या काळातलं लॅटिन, आणि त्याही मागे बहुधा केल्टिक भाषा. पण तुमच्या कामाची गोष्ट शब्दाच्या मुळापेक्षा त्यावरच्या हक्काची आहे. ज्यूंच्या धर्मशास्त्रात शेताचा कोपरा कापू नका आणि गळालेलं उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, असा स्पष्ट नियम आहे. बायबलमधली रूथ ही विधवा सासूला पोसण्यासाठी जवाच्या शेतात सरवाच वेचते. इंग्लंडच्या खेड्यांतही पीक उचललं की बायकापोरं शेतात शिरत आणि तो आपला हक्क मानत. मग सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हाउटन नावाच्या बाईनं एका शेतमालकाच्या वावरात सरवा वेचला म्हणून त्यानं तिला कोर्टात खेचलं. १७८८ साली न्यायाधीशांनी बहुमतानं निकाल दिला की कायद्यानं असा कोणाचा हक्क नाही. निकाल लागला तरी बायकांनी वेचणं सोडलं नाही, पुढे कितीतरी वर्षं. शेजारच्या फ्रान्समध्ये मिले या चित्रकारानं १८५७ साली तीन बायका वाकून सरवा वेचतायत असं मोठं चित्र काढलं, तर पॅरिसच्या श्रीमंतांना ते खुपलं. गरीब बाईला इतकं मोठं काढायचं कशाला, म्हणून.

आपल्याकडे लिखित कायदा नाही, रीत आहे. मालकाचा माल घरी गेल्याशिवाय कोणी आत पाय टाकत नाही, आणि गेल्यावर कोणी अडवत नाही. निदान अडवत नसे. आता गहू-सोयाबीनला हार्वेस्टर आलं. त्यातून गळतं बरंच, पण दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर रोटाव्हेटर फिरवतो आणि शेंगा मातीत जातात. तुरीचा सरवा टिकलाय तो अजून तूर हातानं कापतात म्हणून. तुमच्याकडे वेचलेल्या तुरीची डाळ घरीच भरडता की दाणे विकता, आणि मालक आता काही वाटा मागतात का, हे मला कळवा. आणि मुलीला सांगा, ‘ग्लीन’चा दुसरा अर्थही परीक्षेत येतो : इकडून तिकडून माहिती वेचून गोळा करणं. स्पेलिंगमध्ये ‘ई’ नंतर ‘ए’ आहे, दोनदा ‘ई’ नाही.